रोमची चिल्लर

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला तीन अटी घातल्या. नोकरीविषयी बोलायचं नाही, गुडघ्यांविषयी बोलायचं नाही आणि मुलांच्या पगाराविषयी तर मुळीच बोलायचं नाही. मग उरतो तो छंद. माझा छंद आहे जुनी रोमन नाणी जमवण्याचा. सोन्याची नाहीत, चांदीचीही नाहीत. तांब्या-पितळेची. म्हणजे रोमन बादशहांच्या काळातली चिल्लर. काल रात्री जेवताना हे सांगितलं तेव्हा आपल्यातल्याच एकाने विचारलं, "म्हणजे तू इंग्लंडात राहून मोडीचा धंदा करतोस?" त्याचं पूर्ण समाधान करायला वीस मिनिटं पुरणार नाहीत, तरी प्रयत्न करतो.

आधी एक खुलासा. मी खरी नाणी बरोबर आणलेली नाहीत. शंभर वर्षांपलीकडच्या वस्तू देशाबाहेर नेण्यावर आपल्याकडे १९७२ च्या कायद्याचे निर्बंध आहेत. परत जाताना विमानतळावर कस्टमच्या साहेबांना ही नाणी मुळात कुठली, हे समजावत बसण्याची माझी हौस नाही. त्याऐवजी बारा नाण्यांच्या प्रतिकृती आणल्या आहेत, प्रत्येकीच्या कडेवर 'प्रतिकृती' असं कोरलेलं आहे. त्या हातोहात फिरवा. खाली पडल्या तरी चालतील.

मी गेली अनेक वर्षं इंग्लंडच्या ईशान्य टोकाला, न्यूकॅसलच्या परिसरात राहतो. रोमन लोकांनी या गावाला 'पॉन्स एलियस' म्हणजे 'एलियसचा पूल' असं नाव दिलं होतं. एलियस हे बादशहा हेड्रियनचं कुळनाव. त्याच्याच हुकमावरून इसवी सन १२२ च्या सुमारास इथे एक लांबलचक दगडी भिंत उभी राहू लागली. तिचे अवशेष आजही मैलोन् मैल दिसतात. भूगोलाच्या पुस्तकात ज्याचा ठिपकाही नव्हता अशा त्या प्रदेशात, साम्राज्याच्या थेट शेवटच्या चौकीवर, शिपायांच्या खिशात जी नाणी खुळखुळत होती ती मी जमवतो.

आता थोडा हिशेब. गणिताचे सर बसले आहेत, तेव्हा चुकून चालणार नाही. ऑगस्टस बादशहाने बसवलेली पद्धत अशी: चार 'अस' म्हणजे एक 'सेस्टर्शियस', चार सेस्टर्शियस म्हणजे एक चांदीचा 'दिनारियस', आणि पंचवीस दिनारियस म्हणजे एक सोन्याचा 'ऑरियस'. आपल्या आजी-आजोबांनी चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया असा हिशेब केला, त्यांना ही पद्धत एका दुपारीत पाठ झाली असती. यातला 'अस' तांब्याचा आणि सेस्टर्शियस पितळेचा. संग्राहक सरसकट सगळ्यांना ब्राँझ म्हणतात, पण खरं म्हणजे ही आपल्या स्वयंपाकघरातली तांब्या-पितळेचीच जोडी आहे. सेस्टर्शियस भलं मोठं नाणं, सुमारे पंचवीस ग्रॅमचं, तळहातावर ठेवलं की वजन जाणवतं.

या चिल्लरीत काय येत होतं? ऑगस्टस वारला तेव्हा, म्हणजे इसवी सन १४ मध्ये, सैन्यात बंड झालं. त्या शिपायांची तक्रार टॅसिटस या इतिहासकाराने नोंदवली आहे: आमच्या जिवाची आणि शरीराची किंमत दिवसाला दहा अस. पाँपेईतल्या एका दारूच्या गुत्त्यावरचा भाव भिंतीवर लिहिलेला सापडला आहे. साधी दारू एका असला, बरी हवी तर दोन, आणि उत्तम फालेर्नियन चार असला. म्हणजे शिपायाने दोन पेले उत्तम दारू घेतली तर दिवसाच्या मजुरीतले दोन अस उरले. सोन्याचं नाणं पाहून राजाची श्रीमंती कळते. माणसं कशी जगत होती ते मात्र चिल्लर सांगते. मी सोन्याच्या वाटेला गेलो नाही त्याचं एक कारण हे. दुसरं कारण तुम्हाला माहीत आहेच, ते परवडत नाही. उलट चौथ्या शतकातलं एखादं छोटं तांब्याचं नाणं, सोळा-सतराशे वर्षांचं, इंग्लंडात दोन-तीन कप कॉफीच्या किमतीत मिळतं, कारण ती लाखांनी पाडली गेली आणि लाखांनी सापडतात.

आता प्रतिकृतींपैकी क्रमांक चार हातात घ्या. हा बादशहा अँटोनायनस पायसचा अस. कडेने लिहिलेली अक्षरं वाचायला लॅटिन येण्याची गरज नाही. सगळी ठरलेली संक्षिप्त रूपं आहेत. पहिल्यांदा नाव, मग 'एव्हीजी' म्हणजे ऑगस्टस ही पदवी, मग 'पी पी' म्हणजे राष्ट्रपिता. आणि पुढे येतं 'टीआरपी'. हसू नका, वाहिन्यांचा टीआरपी नव्हे. 'ट्रिब्युनिशिया पोटेस्टास', म्हणजे लोकप्रतिनिधीचा अधिकार. बादशहाला हा अधिकार दरवर्षी नव्याने मिळे आणि त्याचा आकडा एकाने वाढे. या नाण्यावर आकडा अठरा आहे. पायस गादीवर आला १३८ साली. तेव्हा हे नाणं इसवी सन १५४-१५५ मधलं. एका असच्या कडेवरून आपण साल काढलं. मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत 'एस सी', म्हणजे सिनेटच्या ठरावाने. सत्ता सगळी बादशहाच्या हातात, पण तांब्याच्या नाण्यावर मान सिनेटचा. नागरिकशास्त्राच्या बाईंना यावर एक तास सहज घेता येईल.

त्याच बाजूला खडकावर बसलेली एक बाई दिसते. डोकं हाताला टेकलेलं, चेहरा खाली. ती ब्रिटानिया. जिंकलेला प्रांत. हीच ब्रिटानिया पुढे इंग्रजांनी त्रिशूळ आणि ढाल देऊन आपल्या नाण्यांवर ताठ बसवली आणि जगावर राज्य केलं. पण तिचं हे जुनं रूप हरलेल्या बाईचं आहे. हे असले अस ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणात सापडतात. भिंतीजवळ कॅरोबरा इथे कोव्हेंटिना नावाच्या जलदेवतेचा झरा होता. १८७६ साली जॉन क्लेटन यांनी तो उकरला तेव्हा त्यात हजारो नाणी निघाली, आणि त्यांत या बसलेल्या ब्रिटानियाचीही बरीच होती. रेल्वे पुलावरून जाताना नदीत पैसा टाकणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही नाणी झऱ्यात कशी गेली हे समजावून सांगायला नको.

त्या काळी वर्तमानपत्र नव्हतं. खेड्यापाड्यात बादशहाचा चेहरा पोचे तो नाण्यावरून, आणि त्याला सांगायची ती बातमीही त्यावरूनच. टायटसने कलोसियमचं चित्र सेस्टर्शियसवर पाडलं. कॉन्स्टंटाइनने ३३० साली नवी राजधानी उभारली तेव्हा छोट्या तांब्याच्या नाण्यांवर एकीकडे जुन्या रोमची लांडगीण, दोन बाळांना पाजणारी, आणि दुसरीकडे नव्या शहराची देवी आणली. दोघींनाही मान, कोणी रुसायला नको. बातमी म्हटली की खोटी बातमीही आली. २८६ साली करॉसियस नावाच्या आरमारी सेनापतीने बंड करून ब्रिटन बळकावलं. त्याच्या एका नाण्यावर तीन चेहरे ओळीने आहेत, त्याचा स्वतःचा आणि दोन अधिकृत बादशहांचा, आणि लिहिलं आहे 'करॉसियस आणि त्याचे भाऊ'. त्या दोन भावांनी याला कधीच भाऊ मानलं नव्हतं. क्रमांक सात पाहा. मोठ्या नेत्यासोबत स्वतःचा फोटो फ्लेक्सवर लावण्याची कला किती जुनी आहे ते कळेल.

अर्थशास्त्र शिकवणारे आपल्यात दोघे आहेत, त्यांच्यासाठी क्रमांक आठ. २१५ साली काराकाल्लाने एक नवं चांदीचं नाणं काढलं. किंमत दोन दिनारियसची, वजन मात्र साधारण दीडचं. तिथून घसरण लागली. २७० च्या सुमारास त्याच नाण्यात चांदी शेकडा पाचसुद्धा राहिली नव्हती. आत तांबं, वर मुलामा, पातेल्याला कल्हई करावी तसा. मोठं पितळी सेस्टर्शियस व्यवहारातून नाहीसं झालं, कारण नाण्याच्या किमतीपेक्षा धातूची किंमत वरचढ होऊ लागली. ३०१ साली डायोक्लेशियनने वस्तूंचे कमाल भाव ठरवणारं फर्मान काढलं. त्याच्यावर टीका करणारा त्या काळचा लेखक लॅक्टान्शियस सांगतो की माल बाजारातून गायबच झाला. हे सगळं पुस्तकात वाचता येतं. पण माझ्या ट्रेमध्ये ती नाणी ओळीने लावली की डावीकडून उजवीकडे ती लहान, पातळ आणि काळी होत जातात. एका शतकाची महागाई दोन फुटांत दिसते.

मधल्या सुट्टीत बऱ्याच जणांनी विचारलं, ही नाणी साफ कशी करतोस? आपल्याकडे तांबं-पितळ म्हटलं की हात चिंचेकडे जातो. नाण्याच्या बाबतीत चिंच, लिंबू आणि भांडी घासायची पावडर ही तिन्ही विषं आहेत. जमिनीत शतकानुशतकं राहिलेल्या नाण्यावर हिरवा, तपकिरी किंवा काळा टणक थर चढतो. चेहरा, अक्षरं, कपड्याच्या चुण्या, सगळं त्या थरात असतं. तो गेला की खाली उरते खड्ड्याखड्ड्यांची चकती. मी करतो ते एवढंच: ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत घालायचं, पाणी बदलत राहायचं, आणि आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, मऊ ब्रश आणि लाकडी काडीने सुटेल तेवढीच माती काढायची. आमच्या घरी फ्रिजच्या वर कायम चार-पाच वाट्या भिजत असतात. पहिल्यांदा येणारे पाहुणे मोड आणायला कडधान्य ठेवलंय असं समजतात.

थर वेगळा आणि रोग वेगळा. नाण्यावर फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली की समजायचं, धातूत मुरलेलं क्लोराइड हवेतल्या दमटपणाने जागं झालं आहे. याला ब्राँझचा रोग म्हणतात. वेळीच आवरला नाही तर नाणं आतून पोखरतं. असं नाणं ताबडतोब वेगळं ठेवायचं आणि सगळी नाणी कोरडी ठेवायची. कोकणातल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावं, चार महिन्यांचा पाऊस नाण्यांना मानवत नाही.

नकली माल? भरपूर. सोळाव्या शतकात पादुआचा जोव्हान्नी दा काव्हिनो रोमन सेस्टर्शियसच्या इतक्या सुरेख नकला करत असे की आज त्या नकलाच लोक हौसेने जमवतात. आजचे नकली कारागीर तितके कलावंत नाहीत. साच्यात ओतलेल्या नाण्याच्या कडेला शिवण दिसते, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात, वजन जुळत नाही. तराजू, भिंग आणि घाई नसलेला माणूस, एवढं पुरतं.

आपल्या मातीशी याचं काही नातं आहे का? आहे. पहिल्या शतकात प्लिनीने कुरकुर केली की हिंदुस्थान दरवर्षी आमचे किमान पाच कोटी सेस्टर्शियस खातो. प्रत्यक्षात इकडे येत होतं मुख्यतः सोनं आणि चांदी, पण हिशेबाचं एकक मात्र ते पितळी नाणं. त्याच शतकातलं 'पेरिप्लस' हे खलाशांसाठीचं पुस्तक कल्याण, सोपारा, पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर यांची नावं घेतं. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर उत्खननात सापडलेली रोमन समुद्रदेव पोसायडनची छोटी ब्राँझ मूर्ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जाता, तेव्हा तासभर तिकडेही जा. आणि आपल्या सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ज्या समुद्रावरून रोमचा पैसा आला, त्याच समुद्राची ती आपल्या बाजूने काढलेली आठवण.

आता मला जे खरं बोलायचं होतं त्याकडे येतो.

आमच्याकडच्या नाणे-मंडळात एक म्हातारे सभासद होते, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं ते शेतमालकांच्या परवानगीने तीच पाच-सहा शेतं चालत होते. जे नाणं सापडेल त्याची नोंद वहीत: कोणतं शेत, कुंपणापासून किती पावलं, किती खोल. ते वारले. घरच्यांनी नाणी लिलावात एकगठ्ठा विकली आणि वही रद्दीत गेली. तीन महिन्यांनी एका नाणे-मेळ्यात मला प्लास्टिकच्या डब्यात ती नाणी दिसली, वर चिठ्ठी, 'रोमन, मिश्र, कोणतीही पाच घ्या'. एका करॉसियसच्या कानाजवळची खाच माझ्या ओळखीची होती, म्हणून कळलं. मी ओळखू आली तेवढी अकरा विकत घेतली. नाणी परत आली, पण ती कुठल्या शेतातली हे आता कोणीही सांगू शकणार नाही. त्या पाच-सहा शेतांवर रोमन वस्ती होती, जत्रा भरत होती की नुसता रस्ता जात होता, हे त्या वहीतून कळलं असतं.

याच्या उलट गोष्टही सांगतो. २०१० च्या एप्रिलमध्ये सॉमरसेट परगण्यात फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या, रुग्णालयात स्वयंपाकी असलेल्या गृहस्थांना एका शेतात नाण्यांनी भरलेला रांजण लागला. त्यांनी मोठा मोह आवरला. खड्डा बुजवला आणि अधिकाऱ्यांना कळवलं. पुरातत्त्वज्ञांनी रांजण जागेवरच थराथराने रिकामा केला. ५२,५०३ नाणी, सुमारे १६० किलो. आणि थर जपल्यामुळे एक विलक्षण गोष्ट कळली. सगळ्यांत नवी नाणी, करॉसियसची, बहुतेक रांजणाच्या खालच्या भागात होती. कोणी वर्षानुवर्षं बचत टाकत गेला असता तर नवी नाणी वर असती. म्हणजे रांजण एका दमात भरला गेला. शिवाय तो इतका पातळ होता की भरल्यावर उचलताच आला नसता, तेव्हा आधी जमिनीत बसवून मग भरला असणार. ही लपवलेली तिजोरी नसून देवाला वाहिलेलं दान असावं, असा विचार त्यातून पुढे आला. क्रिस्प यांनी हातानेच नाणी उपसली असती तर नाणी तेवढीच मिळाली असती, ही कथा मात्र मिळाली नसती. नाणी स्थानिक संग्रहालयाने विकत घेतली आणि त्यांना व शेतमालकाला कायद्याप्रमाणे मोबदलाही मिळाला.

माझ्या मुलीने गेल्या वर्षी सरळ विचारलं, "बाबा, तुमच्यानंतर या डब्यांचं मी काय करू?" प्रश्न बरोबर होता. ती डॉक्टर आहे, तिला नाण्यांत रस नाही आणि तो असावा अशी सक्तीही नाही. मग बसून ठरवलं. माझ्याकडे चारशे बारा नाणी आहेत. त्यांपैकी त्रेसष्टांची सापडल्याची जागा नक्की माहीत आहे. ती वहीसकट स्थानिक संग्रहालयाला द्यायची, कागदावर सही झाली. बाकीची विकली तरी चालतील, पण प्रत्येक नाणं आपल्या पाकिटात, वजन, व्यास, कुठून घेतलं, कधी घेतलं या चिठ्ठीसह जाईल. आणि नोंद नसलेला, मातीसकट किलोने येणारा माल मी घेत नाही. तो स्वस्त असतो, कारण कुठल्यातरी देशात रात्री कोणीतरी कुणाचं तरी शेत उकरलेलं असतं. संग्राहकाने पैसे दिले नाहीत तर रात्री खणणाऱ्यालाही गिऱ्हाईक राहणार नाही.

हे सगळं तुम्हाला का सांगतोय? आपल्यातल्या निम्म्या लोकांची गावाकडे शेती आहे, जुनी घरं आहेत. देवघरात, मडक्यात, आजीच्या ट्रंकेत शिवराया असतील. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ती आपली चिल्लर. शिवरायांच्या काळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत वेगवेगळ्या टांकसाळींतून निघालेली. तांब्याच्या भावाने ती मोडीत गेली आहे, अजून जाते आहे. माझी विनंती तीन गोष्टींची. एक, ती घासू नका. दुसरी, विकायची असली तरी आधी कागदावर लिहा: कोणाच्या घरातली, कोणत्या गावची, कोणाकडून आली. फोटो काढा, दोन्ही बाजूंचे. आणि तिसरी, विहीर खणताना किंवा वाडा पाडताना मडकं लागलं तर ते वाटून घेऊ नका, हलवू नका. १८७८ चा गुप्तधनाचा कायदा आजही लागू आहे. जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे, आणि सरकारने तो ठेवा घेतला तर मोल देण्याची तरतूदही त्यात आहे. कळवलं की सगळं जातं, या भीतीपोटी आजवर किती मडकी गुपचूप वितळली असतील याची गणती नाही.

मुख्याध्यापकांशी काल बोलणं झालं आहे. या बारा प्रतिकृती मी शाळेच्या ग्रंथालयातल्या काचेच्या कपाटासाठी देत आहे, मराठी चिठ्ठ्यांसह. शेजारचा कप्पा मुद्दाम रिकामा ठेवायला सांगितला आहे. तिथे तुमच्यापैकी कोणाच्या तरी घरातली शिवराई यावी, गावाच्या नावासह. मुलांनी रोमची चिल्लर पाहावी आणि शेजारी आपलीही पाहावी.

वीस मिनिटं संपली, सरांनी घड्याळ पाहिलं. शाळेत असताना त्यांनी घड्याळ पाहिलं की आम्ही दप्तर आवरत असू, तेव्हा मीही आवरतं घेतो. क्रमांक सातची प्रतिकृती कोणाच्या खिशात राहिली असेल तर परत करावी.